पुण्याचं उत्तर आलं नाही

"ऐकलं अप्पा, लई भारी झालंय."

दर रविवारी सकाळी महांतेश पुण्याहून आपल्या वडिलांना फोनवर हे एकच वाक्य सांगायचा, आणि सांगताना एकीकडं गाडी पुसत असायचा, नाहीतर गालाला साबण लावत असायचा. वाक्य खोटं होतं. अप्पांच्या पॉडकास्टचा एकही भाग त्यानं आजवर ऐकलेला नव्हता. पण खोटं कसं, छोटंसं, बिनआवाजाचं, कुणाला न बोचणारं. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटतं, आपलं काय जातं, असा साहेबांचा विचार. पंपांच्या कंपनीत खरेदी विभागात बसणाऱ्या माणसाला वेळ नसतो, हे तर जगाला ठाऊकच आहे. सिनेमे बघायला तेवढा असतो.

त्याचे वडील शांतलिंगअप्पा उमरग्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. हैदराबादकडं जाणाऱ्या, सोलापूरकडं जाणाऱ्या, गुलबर्ग्याकडं वळणाऱ्या सगळ्या गाड्या त्यांच्या तोंडून निघायच्या, असं गावात गमतीनं म्हणायचे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," असं त्यांनी भोंग्यावरून म्हटलं की रसवंतीवरचा माणूससुद्धा चरक थांबवायचा. निवृत्त झाल्यावर मात्र त्या आवाजाला कामच राहिलं नाही. घरात मोठ्यानं बोलले तर बायको म्हणायची, हळू बोला, आपण स्टँडात न्हाय. शेवटी त्यांची नात, महांतेशच्या बहिणीची मुलगी शिवप्रिया, हिनं त्यांना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पॉडकास्ट कसा टाकायचा ते शिकवलं. नावही तिनंच दिलं, 'शांतलिंगअप्पांचा फलाट'. स्टँडवर बघितलेल्या माणसांच्या गोष्टी अप्पा त्यात सांगायचे. म्हातारा पुन्हा तरतरीत झाला. शनिवारी संध्याकाळी नवा भाग पडायचा आणि रविवारी सकाळी ते मुलाच्या फोनची वाट बघायचे.

"ऐकलंस का रे?"

"ऐकलं अप्पा, लई भारी झालंय."

"बरं," अप्पा म्हणायचे. मग जरा थांबायचे. मग विचारायचे, "अजून काही?"

"काही नाही अप्पा. ठेवू?"

"ठेव."

असं कितीतरी रविवार चाललं. मग थंडीत एका सकाळी अप्पा आंघोळीच्या पाटावरच कलंडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डाव्या हाताच्या काठीवर चार पावलं टाकण्याइतके ते महिन्याभरात सावरले, समोरच्याचं सगळं समजायचं, पण जिभेवर एकच शब्द परत आला. 'बरं.' भूक लागली तरी बरं, पोट भरलं तरी बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, माणसाच्या रोजच्या तोंडातला एखादाच शब्द शिल्लक राहतो.

महांतेश तेव्हा आला, धावपळ केली, रजा संपल्यावर गेला. त्यानंतर दर फोनवर त्याची आई, इरम्मा, एकच धोशा लावायची. "तुझ्या अप्पांचं ते फोनातलं मला लावून दे की रे. आवाज ऐकावा वाटतोय." आणि हा म्हणायचा, "आलो की लावून देतो, अव्वा."

आता चैत्र संपत आला होता आणि तो आला होता. दुपारचं जेवण झालं. कूलरसमोरच्या खुर्चीत अप्पा बसले होते. इरम्मानं शेंगांची परात पुढ्यात ओढली आणि शिवप्रियानं घेऊन दिलेला नवा मोबाइल मुलाच्या हातात दिला.

"बस आता. लावून दे."

"तू कधी ऐकलंच नाहीस होय अव्वा?" त्यानं वेळ काढायला विचारलं.

"मला कशाला फोनात ऐकायचं? माणूस घरात बोलत व्हता. त्या खोलीत कोंडून घ्यायचे अन् मला म्हणायचे, कुकर बंद कर, शिट्टी येतीया. कूलर बंद कर, घरघर येतीया. म्या इथं घामानं निथळत बसायची अन् हे तिथं बोलत बसायचे." तिनं नवऱ्याकडं बघितलं. "वैताग यायचा बघ मला. बोलून दाखवायची मी. आता वाटतंय, कशाला बोलली."

"बरं," अप्पा म्हणाले.

"शिवप्रियानं सांगितलं नाही का कसं लावायचं ते?"

"सांगितलं की. बेंगळुरूला नोकरीला जाताना सांगून गेली. आजी, ह्या माइकच्या चित्रावर बोट ठेव अन् नाव घे, येतंय म्हणाली." इरम्मा शेंग फोडता फोडता थांबली. "नाव घे! नुसतं नाव कसं घेऊ?"

महांतेशला आधी कळलंच नाही. मग कळलं. पॉडकास्टच्या नावात पहिलंच नाव नवऱ्याचं. इरम्मानं ते जन्मात नुसतं घेतलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती कार्ड पुढं करायची आणि म्हणायची, ह्यांचं.

"मग केलंस काय?"

"केलं की, जसं घेतात तसं घेतलं. बघ." तिनं फोन त्याच्या हातातून घेतला, पदर सारखा केला, माइकच्या चित्रावर अंगठा दाबला आणि लग्नमंडपात उभी असल्यासारखी खणखणीत बोलली, "उमरग्याच्या स्टँडावर गाड्यांची रांग, शांतलिंगरावांचं नाव घेते, फोनबाबा आता सांग!"

फोनबाबानं क्षणभर विचार केला आणि नव्या नवरीसाठीचे सोपे उखाणे समोर मांडले. एक मुलगी मेंदीचे हात हलवत उखाणा सांगू लागली.

महांतेश खो खो हसला. अप्पांच्या तोंडाची डावी बाजूही हलली. इरम्मा मात्र हसली नाही.

"हसतोस काय? उन्हाळा लागल्यापासनं रोज दुपारी घेतीया मी. एवढं नाव तर ह्यांच्या बरोबर संसार करताना घेतलं न्हाय. शेजारणीला म्हणलं, तू घे की नाव, तर ती म्हणती, थोरल्या माणसाचं कसं घेऊ. मग म्हणलं जाऊ दे. आमचा महांतेश दर आठवड्याला ऐकतोय पुण्यात, त्यो आला की चुटकीसरशी लावून देईल."

हसू जागच्या जागी विरलं. चुटकीसरशी! आई रोज दुपारी ह्या खोलीत बसून फोनला उखाणे घालत होती, आणि तो तिकडून सांगत होता, आलो की लावून देतो. आणि आता आला तर ते कुठल्या अ‍ॅपवर असतं हेही त्याला माहीत नव्हतं. अप्पांची नजर त्याच्यावर होती. ती नजर तेवढी पूर्वीचीच राहिली होती, गाडी उशिरा आणणाऱ्या ड्रायव्हरकडं बघायची ती.

"इथं रेंज कमी आहे," तो म्हणाला आणि फोन घेऊन मागच्या दारी गेला. रेंज भरपूर होती. त्यानं आपल्या फोनवरून शिवप्रियाला लावला.

"अगं, अप्पांचं ते कुठल्या अ‍ॅपवर टाकत होतीस?"

"मामा, तुम्ही ऐकत होता ना?"

"ऐकत होतो गं. फोन बदलला ना मी."

"बरोबर, फोन बदलला." पोरगी शहाणी, तिनं पुढं ताणलं नाही. गाण्यांच्याच अ‍ॅपमध्ये नाव टाईप करा, अप्पांचा खाकी ड्रेसमधला फोटो दिसेल, त्यावर दाबा, असं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मामा, एक विचारू? त्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही अप्पांना कधीच का दिली नाहीत?"

"कसले प्रश्न?"

"काही नाही," ती म्हणाली. "आजीला लावून द्या."

महांतेश परत आत येऊन बसला. नाव टाईप केल्याबरोबर अप्पांचा फोटो आला आणि खाली भागांची लांबच्या लांब ओळ. "पहिल्यापासनं लाव," इरम्मा म्हणाली आणि उठून तिनं आपण होऊन कूलर बंद केला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

आवाज आला आणि खोली भरून गेली. इरम्मानं तोंडाला पदर लावला. खुर्चीतले अप्पा ताठ झाले. आपलाच आवाज ऐकताना त्यांचे ओठ बारीक हलत होते, वाक्याच्या जरा मागून, चुकत माकत. महांतेशला ते बघवेना. तो जमिनीवरच्या शेंगांच्या टरफलांकडं बघत राहिला.

गोष्ट साधीच होती. एका वऱ्हाडातली नवरीची आत्या झोपेच्या गुंगीत गुलबर्ग्याच्या गाडीत चढली, आणि तिच्याच पिशवीत मंगळसूत्र होतं. अप्पांनी ती अशी सांगितली होती की ती बाई, तिचं जडशीळ बोचकं आणि स्टँडावर डोक्याला हात लावून बसलेला नवरीचा बाप डोळ्यांसमोर उभे राहावेत. आणि ऐन रंगात येऊन ते थांबले. "तर मंडळी, आत्याला परत आणायला कोण गेलं असेल? तुम्हाला काय वाटतं, मला फोन करून सांगा. पुढच्या भागात तुमचं नाव घेईन."

"नवरदेवच गेला असंल!" इरम्मा म्हणाली. "लाव म्होरचं."

पुढच्या भागाच्या सुरुवातीला उत्तर आलं. खरंच नवरदेव गेला होता, मुंडावळ्यांसकट. इरम्मानं टाळी वाजवली. अप्पांनी उत्तरं कळवणाऱ्यांची नावं घेतली. मुरूमचे धुळाप्पा होते, वाशीचे एक निवृत्त कंडक्टर रामकिसन होते. आणि मग ते म्हणाले, "पुण्याचे एक श्रोते आहेत आपले. पहिला भाग ऐकलाय त्यांनी. त्यांचं उत्तर अजून आलं नाही. कामात असतील. वाट बघू."

महांतेशचे कान तापले. इरम्माचं लक्ष नव्हतं, ती पुढच्या गोष्टीत शिरली होती. ती गोष्ट संपली, प्रश्न आला. पुढचा भाग लागला, नावं झाली. "पुण्याचं उत्तर आलेलं नाही. वाट बघू." त्याच्या पुढच्या भागात, "पुण्याची गाडी आज पण लेट आहे, मंडळी. पण येईल. येणार म्हणजे येणार." हे सांगताना अप्पांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या लांबच्या प्रवाशाला बाकावर बसवून, चहा पाजून धीर द्यावा, तसा आवाज होता. तक्रार असती तर महांतेशला सोसली असती.

इरम्माचा शेंग फोडणारा हात थांबला.

"पुण्याचं कोण रं?"

तो खालची टरफलं गोळा करू लागला.

"पुण्यात तूच ऐकत व्हतास की. तू उत्तर दिलं न्हाईस व्हय कधी?"

आणि त्याच क्षणी महांतेशला ते सगळे रविवार आठवले. अप्पा 'बरं' म्हणायचे आणि जरा थांबायचे, ते कशाला थांबायचे? 'अजून काही?' असं विचारायचे ते काय विचारायचे? ते उत्तराची वाट बघत होते. हा 'ऐकलं' म्हणायचा, आणि ज्यानं ऐकलं असेल तो लगेच म्हणणारच की, अप्पा, नवरदेव गेला असणार! पहिल्याच रविवारी त्यांना कळलं होतं. दर रविवारी कळत होतं. कळूनही ते दर रविवारी तेवढी जागा सोडत होते, आणि हा गालाचा साबण वाळू नये म्हणून म्हणत होता, काही नाही, ठेवू?

त्याला आपली विलक्षण लाज वाटली. चोरी पकडली गेल्याची नव्हे. चोरी पहिल्या दिवशीच पकडणाऱ्यानं इतके दिवस पांघरूण घातलं, त्याची.

तो उठून अप्पांच्या खुर्चीजवळ खाली बसला.

"अप्पा, मी खोटं बोलत होतो. एक पण भाग ऐकला नव्हता मी. आज पहिल्यांदा ऐकतोय."

इरम्माच्या तोंडून "अगं अव्वाऽ" एवढंच निघालं. अप्पांनी त्याच्याकडं बघितलं.

"बरं," ते म्हणाले.

आता ह्या शब्दाचं काय करायचं? माफ केलं म्हणून बरं, की कळलं होतंच म्हणून बरं, की दुसरा शब्दच नाही म्हणून बरं? शिव्या द्यायच्या असत्या तरी त्यांच्या तोंडून हेच आलं असतं. महांतेश त्यांच्या चेहऱ्यावर अर्थ शोधत राहिला आणि तो त्याला मिळाला नाही. ज्या दिवसांत मिळाला असता, त्या दिवसांत त्यानं फोन ठेवून दिला होता.

इरम्मानं नाक पुसलं. रागावली होती, पण मुलगा जमिनीवर बसलेला बघून तिनं राग गिळला. फोन उचलून तिनं स्क्रीनवर बोट दाखवलं. "ह्ये बटण कशाचं?"

"सबस्क्राइबचं. एकदा दाबलं की नवा भाग आल्यावर आपोआप कळतं. मग नाव घ्यावं लागत नाही."

"दाब मग."

"अव्वा, आता नवा भाग..."

"दाब म्हणते न्हवं!"

त्यानं दाबलं. मग स्वतःचा फोन काढला, तेच नाव टाईप केलं आणि त्यावरही दाबलं. एवढंच होतं ते. एक बोट, एकदा. अप्पा त्याच्या अंगठ्याकडं बघत होते.

मग अप्पांनी डावा हात उचलला आणि फोनकडं केला. बोट वरून खाली, खाली, अगदी खाली नेलं. "शेवटचा लाव म्हणतायत," इरम्मा म्हणाली. महांतेशनं शेवटचा भाग लावला. ते पडायच्या आदल्या शनिवारचा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. आजची गोष्ट माझ्या घरची आहे. माझा मुलगा लहान असताना शाळा सुटली की स्टँडवर यायचा. एकदा संध्याकाळी आला आणि दिसेनासा झाला. गर्दी बाजाराची, गाड्या मागंपुढं होतायत. मी भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं. महांतेश शांतलिंग, जिथं असशील तिथून कंट्रोलर केबिनजवळ ये. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. माझा आवाज फाटायला लागला. गाड्या सोडायचं विसरलो मी, सोलापूरचा ड्रायव्हर येऊन भांडला. पुकारतच राहिलो. शेवटी कुणीतरी त्याला रसवंतीच्या मागनं धरून आणला. मी त्याला मारलं. लई मारलं. नोकरीत असताना तेवढं एकदाच हात उचलला. मला वाटलं, हाक ऐकूनसुद्धा आला नाही, मुद्दाम. नंतर वाटायला लागलं, त्या गोंगाटात त्याला ऐकूच गेली नसेल, आणि मी उगाच मारलं. तर मंडळी, आजचा प्रश्न हाच. त्या पोराला माझी हाक ऐकू गेली होती का? तुम्ही तर्क करू नका, बाकीच्यांनी. ह्याचं उत्तर एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो ऐकतोय. मी वाट बघतो."

भाग संपला.

दुसऱ्या दिवशीचा रविवार महांतेशला लख्ख आठवला. ऐकलंस का रे, असं अप्पांनी विचारलं होतं. ऐकलं अप्पा, लई भारी झालंय, असं तो म्हणाला होता. लई भारी! त्या रविवारी अप्पा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले होते. अजून काही, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. त्याला वाटलं होतं, म्हातारपणी माणसं विसरतात, तेच तेच विचारतात.

त्यानं अप्पांचा उजवा हात, तो निर्जीव, गार हात, आपल्या हातात घेतला. मग लक्षात येऊन सोडला आणि डावा घेतला.

"ऐकू आली होती, अप्पा," तो म्हणाला. "पहिलीच हाक ऐकू आली होती. मी रसवंतीच्या मागं होतो. सगळ्या स्टँडात माझं नाव घुमत होतं, तुमच्या आवाजात. लोक थांबून ऐकत होते. मला वाटलं, मी गेलो की तुम्ही थांबाल. अजून एकदा ऐकू दे, अजून एकदा ऐकू दे, असं करत बसलो. तुमचा आवाज फाटलेला मला कळला होता. तरी बसलो."

अप्पांचा हात त्याच्या हातात घट्ट झाला. त्यांचे ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, काहीतरी यायला बघत होतं आणि येत नव्हतं. इरम्मा परात बाजूला सारून जवळ आली.

"बरं," अप्पा म्हणाले.

ते जरा थांबले. महांतेशही थांबला. ह्या जागी पुढचे दोन शब्द यायचे, आणि ते आता येणार नव्हते.

"अजून आहे, अप्पा," तो म्हणाला, आणि त्यानं शेंगांची परात ओढून पुढ्यात घेतली. "पहिल्यापासनं सांगतो. त्या आत्याला आणायला माझ्या मते तुम्हीच गेला असाल, असं मी म्हणालो असतो."